संकेतस्थळाची बांधणी आणि मराठीतील ‘ऱ्य’ : बंडलरच्या प्लगिनांचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

महाड शहराला येणाऱ्या पुराची मीमांसा करताना दोन कारणे नेहमी जोडीने सांगावी लागतात. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर तालुक्यातील खोल दऱ्यांचे पाणी गोळा करीत महाडकडे उतरते. आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीतून वर चढणारी भरती त्या पाण्याची वाट अडविते. म्हणजे एका बाजूस दऱ्या आणि दुसऱ्या बाजूस दर्या. या दोन शब्दांत अर्थाचा भेद आहे, तसाच उच्चाराचाही आहे. ‘दर्या’ म्हणताना जोडाक्षरामुळे पहिल्या अक्षरावर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना तो येत नाही. हा भेद लेखनात दाखविण्याची सोय मराठीने करून ठेविली आहे. ‘दर्या’ मधील र हा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’ मध्ये तोच र आडव्या, वाकड्या रेघेच्या रूपाने य च्या अलीकडे राहतो.

पुस्तकाच्या छपाईत हा भेद राखणे हे जुळाऱ्याचे व मुद्रिते तपासणाऱ्याचे काम असे. आज पूर, दरडी, रस्ते, शाळा यांविषयीची माहिती लोकांपर्यंत मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावरून पोहोचते. त्या पडद्यामागे जे संकेतस्थळ असते, त्याच्या अनेक फाइली एकत्र जुळविण्याचे काम यंत्र करते आणि त्या यंत्रास मराठी येत नाही. परिणामी ‘दऱ्या भरून वाहत आहेत’ या वाक्याचे वाटेत कोठेतरी ‘दर्या भरून वाहत आहेत’ असे होऊन जाते, आणि कोणताही कार्यक्रम त्याविषयी तक्रार करीत नाही.

ही केवळ शुद्धलेखनाची कुरकुर नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये महापूर आला, त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर येथेही दरडी आल्या. अशा प्रसंगी गावाच्या नावावरून माहिती शोधणाऱ्यास ते नाव सापडणे किंवा न सापडणे याला फार मोठा अर्थ असतो. हा भाषिक दोष नेमका कोठे शिरतो आणि बांधणीच्या प्रक्रियेत स्वतःचे नियम घालून तो कसा टाळता येतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. बंडलर म्हणजे काय

संकेतस्थळाचा कार्यक्रम लिहिणारा मनुष्य तो एकाच फाइलीत लिहीत नाही. शोधाचा भाग एका फाइलीत, नकाशाचा दुसऱ्या, गावांची यादी तिसऱ्या, असे त्याचे तुकडे असतात. यांपैकी प्रत्येक तुकड्यास मॉड्यूल म्हणतात. जावास्क्रिप्ट या भाषेत मॉड्यूलची प्रमाणित रचना २०१५ साली निश्चित झाली. एक मॉड्यूल दुसऱ्यास नावाने बोलाविते, दुसरे तिसऱ्यास. या बोलावण्यांचा माग काढून सर्व मॉड्यूलांची साखळी शोधणे, त्यांतील मजकूर वाचणे, त्यावर आवश्यक ते संस्कार करणे आणि शेवटी त्यांचे थोडेसे, आटोपशीर गठ्ठे बांधणे, हे काम जो कार्यक्रम करतो त्यास बंडलर म्हणतात. वेबपॅक (२०१२), रोलअप (२०१५), इएसबिल्ड (२०२०) व व्हीट (२०२०) ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत.

छापखान्याची उपमा येथे उपयोगी पडते. हस्तलिखिताची प्रकरणे वेगवेगळ्या हातांनी आलेली असतात. जुळणी, मुद्रितशोधन, पृष्ठरचना आणि बांधणी या टप्प्यांतून जाऊन त्यांचे पुस्तक होते. बंडलरमध्येही असे टप्पे ठरलेले आहेत. तथापि छापखान्यात मुद्रितशोधकास बसण्याची जागा असते. बंडलरमध्ये ती आपण होऊन निर्माण करावी लागते. ही जागा म्हणजे प्लगिन.

प्लगिन हा एक लहानसा कार्यक्रम असतो. त्याला एक नाव असते, आणि कोणत्या टप्प्यावर आपल्याला बोलवावे हे तो सांगून ठेवतो. टप्प्यावरील या अडकविण्याच्या जागांना हुक म्हणतात. रोलअपमधील चार हुक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ‘रिझॉल्व्ह-आयडी’ या टप्प्यावर, बोलाविलेले मॉड्यूल कोणते व ते कोठे आहे, हे ठरते. ‘लोड’ या टप्प्यावर त्याचा मजकूर आणला जातो. ‘ट्रान्सफॉर्म’ या टप्प्यावर त्या मजकुरात फेरफार करता येतो. ‘जनरेट-बंडल’ या टप्प्यावर गठ्ठे तयार झालेले असतात व ते लिहून ठेवण्यापूर्वी शेवटची नजर टाकता येते. व्हीटने रोलअपची हीच पद्धत स्वीकारून तिचा विस्तार केला आहे. वेबपॅकची मांडणी निराळी आहे; तेथे एकेका फाइलीवर संस्कार करणाऱ्यास लोडर म्हणतात आणि संपूर्ण बांधणीच्या घटनांवर लक्ष ठेवणाऱ्यास प्लगिन. तत्त्व मात्र एकच आहे.

३. एका अक्षराची दोन लेखने

आता मूळ अडचणीकडे वळता येईल. संगणकात प्रत्येक अक्षरचिन्हास युनिकोडप्रमाणे एक क्रमांक असतो. र चा क्रमांक ०९३०, हलन्ताचा ०९४डी. र नंतर हलन्त व त्यानंतर य आला, की यंत्र रफार काढते आणि ‘र्य’ दिसते. मग ‘ऱ्य’ कसा लिहावयाचा? याला दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही प्रमाण मानलेली आहेत.

पहिल्या पद्धतीत र ऐवजी नुक्त्याचा ऱ (०९३१) घ्यावयाचा व त्यास हलन्त जोडावयाचा. हे चिन्ह मुळात द्राविडी भाषांतील एका र-ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आहे. परंतु भारतीय लिपींच्या इस्की या जुन्या प्रमाणात मराठीच्या आडव्या र साठी त्याचा वापर होत असे, आणि युनिकोडने तो संकेत पुढे चालविला. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक (२००डी) अशी तीन चिन्हे येतात. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही पद्धतही टिकवून ठेविली गेली. जोडकास स्वतःचे रूप नाही. तो दिसत नाही, केवळ शेजारच्या अक्षराचे रूप बदलवितो.

पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. एका कळफलकावर टंकलेल्या यादीत दुसऱ्या कळफलकावर टंकलेला शब्द शोधला, तर तो सापडत नाही. ‘शेतकऱ्यांना’, ‘पायऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘कर्मचाऱ्यांनी’, ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हास’ अशा शेकडो शब्दांना हा धोका आहे.

यावर तयार उपाय म्हणून युनिकोडची समीकरणप्रक्रिया पुढे केली जाते. तिने र व नुक्ता अशी सुटी लिहिलेली जोडी एकच ऱ होते, हे खरे. परंतु जोडकाच्या पद्धतीस ती स्पर्श करीत नाही. कारण युनिकोडच्या दृष्टीने ही दोन लेखने समतुल्य म्हणून नोंदलेलीच नाहीत. असाच प्रकार ‘ॲ’ चा आहे. त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वीचा पुष्कळसा मजकूर अ व त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला आहे, आणि समीकरणाने ही दोन रूपे एक होत नाहीत.

याहून वाईट उपाय म्हणजे ‘अदृश्य कचरा’ काढून टाकणारी सर्वसाधारण सफाई. इंग्रजी मजकुरात शून्य रुंदीची चिन्हे बहुधा चुकून आलेली असतात. म्हणून ती सरसकट पुसून टाकण्याची रीत कार्यक्रम लिहिणाऱ्यांत रूढ आहे. मराठी मजकुरावर तीच सफाई चालविली, की जोडकाने लिहिलेल्या प्रत्येक आडव्या र चा रफार होतो. पोलादपूरच्या दऱ्यांचा दर्या होतो तो येथे. आणि आचाऱ्यास दिलेला निरोप आचार्यास जातो तोही येथेच.

४. प्लगिनची रचना

उदाहरणादाखल असे मानावे की, महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील गावांची नावे आणि त्यांच्याशी संबंधित सूचना दाखविणारे संकेतस्थळ व्हीटच्या साहाय्याने बांधावयाचे आहे. गावांची यादी एका साध्या फाइलीत आहे. ती अनेकांनी मिळून भरली असल्याने तिच्यात दोन्ही प्रकारची लेखने मिसळलेली आहेत.

पहिली पायरी यादी आणण्याची. कार्यक्रमाचा शोधविभाग ‘गावनावे’ या नावाचे एक मॉड्यूल मागतो; परंतु अशी फाइल प्रत्यक्षात नसते. रिझॉल्व्ह-आयडी या हुकवर प्लगिन पुढे येऊन ‘हे नाव माझे’ असे सांगते, आणि लोड या हुकवर मूळ यादी वाचून तिच्यापासून मजकूर तयार करून देते. अशा मॉड्यूलास आभासी मॉड्यूल म्हणतात. त्याच्या अंतर्गत नावाच्या आरंभी शून्य क्रमांकाचे चिन्ह लावण्याचा प्रघात आहे; त्यामुळे इतर प्लगिने त्याला खरी फाइल समजून हात घालीत नाहीत. मूळ यादी बदलली की बांधणी पुन्हा व्हावी, यासाठी त्या फाइलीवर लक्ष ठेवण्याची विनंतीही येथेच करावी लागते.

याच पायरीवर यादीचा क्रमही लावून घेणे सोयीचे असते. यंत्र आपल्या बुद्धीने क्रमांकांनुसार क्रम लावते, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल व व यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. त्यामुळे ‘पळचिल’ हे नाव यंत्राच्या क्रमात ‘पव’, ‘पस’, ‘पह’ यांनी आरंभ होणाऱ्या नावांच्या आधी बसते. मराठी कोश चाळणाऱ्याची अपेक्षा नेमकी उलट असते. हा क्रम वाचकाच्या मोबाइलवर प्रत्येक वेळी लावण्यापेक्षा बांधणीच्या वेळी एकदाच लावणे केव्हाही बरे.

दुसरी पायरी मजकूर एकरूप करण्याची. ती ट्रान्सफॉर्म या हुकवर होते. नियम सोपा आहे : र, हलन्त व जोडक ही तीन चिन्हे लागोपाठ आली, तर त्यांच्या जागी ऱ व हलन्त ही दोन घालावीत, अ व चंद्र लागोपाठ आले, तर ॲ घालावा. परंतु दोन पथ्ये पाळावी लागतात. एक, हा नियम मजकुराच्या फाइलींपुरताच ठेवावा. सर्व कार्यक्रमावर तो चालविला, तर खुद्द त्या नियमाचे वर्णन करणारा कार्यक्रमही बदलून जाईल. दुसरे, तीन चिन्हांच्या जागी दोन आल्याने ओळीतील पुढील सर्व चिन्हे एकेक घर मागे सरकतात. म्हणून बदललेल्या मजकुराबरोबर सोर्स मॅप, म्हणजे मूळ व नव्या जागांचा मेळ दाखविणारा तक्ता, परत द्यावा लागतो; नाही तर पुढे दोष शोधणारा भलत्याच जागी पोहोचतो.

तिसरी पायरी क्रमाची, आणि भाषाभ्यासकांना ती परिचयाची वाटेल. ट्रान्सफॉर्मच्या टप्प्यावर प्लगिने एकामागून एक चालतात. पहिल्याने दिलेले फल दुसऱ्याचे आदान बनते. ध्वनिविचारातील नियमांच्या क्रमासारखाच हा प्रकार आहे. एक नियम आधी चालल्याने दुसऱ्यास आवश्यक असलेली परिस्थितीच नष्ट होते, हे तेथेही घडते. जोडक पुसणारे सफाईचे प्लगिन आधी चालले, तर एकरूपतेच्या नियमाला काम करण्यास जागाच उरत नाही. आणि तो नियम ‘यशस्वी’ झाल्याचे दिसते, कारण त्याला कोठेही चूक आढळत नाही. म्हणून विशेष नियम सामान्य नियमाच्या आधी लागला पाहिजे. पाणिनीय परंपरेतील अपवाद व उत्सर्ग यांच्या नात्याची येथे आठवण व्हावी. व्हीटमध्ये प्लगिनला ‘पूर्व’ किंवा ‘उत्तर’ स्थान मागून घेण्याची सोय आहे. भाषेचे नियम सांगणाऱ्या प्लगिनने पूर्वस्थान मागावे.

चौथी पायरी तपासणीची. जनरेट-बंडल या हुकवर तयार गठ्ठ्यांतील मजकूर पुन्हा पाहून, मूळ यादीतील प्रत्येक नाव त्यात जसेच्या तसे आहे किंवा नाही, हे ताडून घ्यावे. नसेल तर प्लगिनने केवळ सूचना देऊन थांबू नये. दोष जाहीर करून बांधणीच रोखावी. चुकीचे संकेतस्थळ लोकांपुढे जाण्यापेक्षा कालचे बरोबर असलेले राहणे श्रेयस्कर होय. मात्र व्हीटमध्ये कार्यक्रम लिहीत असतानाच्या अवस्थेत हा हुक चालत नाही, तो अंतिम बांधणीतच चालतो. म्हणून तपासणी येथे ठेवावी, परंतु दुरुस्ती येथे ठेवू नये. नाही तर लिहिणाऱ्यास एक मजकूर दिसेल आणि वाचकास दुसरा.

या तपासणीत आणखी एक गोष्ट उघडकीस येते. काही साधने गठ्ठा बांधताना रोमन नसलेले प्रत्येक अक्षर त्याच्या क्रमांकाच्या रूपात लिहितात. इएसबिल्डची मूळची रीत अशीच आहे, आणि ती बदलावयाची तर तसे सांगावे लागते. देवनागरीचे एक चिन्ह सरळ लिहिले तर तीन बाइट घेते, क्रमांकाने लिहिले तर सहा. ‘पोलादपूर’ या नावात आठ चिन्हे आहेत. त्यांचे चोवीस बाइट होतात किंवा अठ्ठेचाळीस. पाठविताना मजकूर दाबून लहान केला जात असल्याने प्रत्यक्ष फरक याहून कमी पडतो. तथापि घाटातील दुबळ्या संपर्कावर उघडावयाच्या पानाचा भार अकारण वाढवू नये.

५. भेद कोणता राखावा, कोणता पुसावा

येथपर्यंतचा भाग तंत्राचा झाला. खरा प्रश्न यापुढे आहे : कोणते दोन मजकूर ‘एकच’ मानावयाचे? हा निर्णय बंडलर घेऊ शकत नाही. तो भाषेचा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे तीन प्रकारची आहेत.

पहिल्या प्रकारात केवळ सांकेतिक भेद येतो. ऱ्य ची दोन लेखने किंवा ॲ ची दोन लेखने यांत वाचणाऱ्यास कोणताही फरक जाणवत नाही. एका स्वनिमाची दोन स्वनांतरे असावीत, तसे हे आहे. असे भेद प्लगिनने निःशंकपणे व निमूटपणे पुसावेत.

दुसऱ्या प्रकारात लेखनभेद येतो. ‘तळिये’ आणि ‘तळीये’ ही दोन्ही रूपे छापील मजकुरात आढळतात. गाव एकच आहे, परंतु लेखन खरोखरच वेगळे आहे, आणि त्यांतील एक निवडण्याचा अधिकार कार्यक्रम लिहिणाऱ्याचा नव्हे. सर्व ऱ्हस्व दीर्घ करावेत किंवा सर्व दीर्घ ऱ्हस्व करावेत, असा सरसकट नियम घातला तर भलतीच नावे एकमेकांत मिसळतील. येथे प्लगिनने स्वतः दुरुस्ती न करता पर्यायी रूपांची माणसांनी तयार केलेली सारणी वाचावी, शोधासाठी दोन्ही रूपे स्वीकारावीत, आणि सारणीत नसलेले रूप आढळल्यास सूचना द्यावी.

तिसऱ्या प्रकारात खरा अर्थभेद येतो. दऱ्या व दर्या, काळ व काल, गाळ व गाल. हे भेद कोणत्याही कारणाने पुसता कामा नयेत. रोमन लिपीतून परत देवनागरीत आणलेल्या याद्यांत या प्रकाराची हानी विशेष होते, कारण रोमन लेखनात ळ व ल एकाच अक्षराने दाखविले जातात. ‘तळिये’ चे ‘तलिये’ होते. एकदा गमावलेला असा भेद कोणतेही प्लगिन परत आणू शकत नाही. तो गावच्या माणसाच्या तोंडूनच मिळवावा लागतो. प्लगिन फार तर एवढेच करू शकते की, तपासलेल्या यादीत नसलेले नाव पुढे जाऊ देत नाही.

या तीन प्रकारांची गल्लत केल्याने बहुतेक दोष उत्पन्न होतात. सफाई करणारा कार्यक्रम तिसऱ्या प्रकारास पहिला समजतो. अतिसावध कार्यक्रम पहिल्या प्रकारास तिसरा समजतो आणि शोध निष्फळ ठरवितो.

६. मर्यादा

बांधणीच्या वेळी चालणाऱ्या नियमाची सत्ता बांधणीपुरतीच असते. संकेतस्थळ उघडून वाचक जो शब्द शोधाच्या चौकटीत टंकतो, तो प्लगिनच्या हाताखालून जात नाही. यादीतील सर्व शब्द ऱ ने लिहिले, आणि वाचकाचा कळफलक जोडक वापरीत असला, तर शोध पुन्हा फसतो. म्हणून एकरूपतेचा नियम एका स्वतंत्र मॉड्यूलात लिहावा. प्लगिनने तो बांधणीत वापरावा आणि शोधविभागाने तोच वाचकाच्या शब्दावर चालवावा. नियम दोन ठिकाणी दोनदा लिहिला की, काही काळाने ते दोन नियम होतात.

दुसरी मर्यादा देखभालीची. बंडलर बदलत राहतात, हुकांची नावे व क्रम बदलतात. म्हणून नियमाबरोबर त्याची उदाहरणेही जतन करावीत : दऱ्या व दर्या ही जोडी, दोन्ही लेखनांतील ‘शेतकऱ्यांना’, पळचिलचा क्रम, तळियेची दोन रूपे. प्रत्येक बांधणीपूर्वी ही उदाहरणे यंत्राकडून तपासून घेतली, तर बंडलर बदलला तरी भाषेचा नियम हरवत नाही.

७. उपसंहार

बंडलर रचणाऱ्यांनी मराठीची उपेक्षा केली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. सर्व भाषांचे सर्व भेद एका साधनात आधीच घालून ठेवणे अशक्य आहे, हे ओळखूनच त्यांनी हुकांच्या रूपाने जागा मोकळ्या ठेविल्या आहेत. त्या जागा भरण्याचे काम ज्यांना त्या भाषेतील भेद ठाऊक आहेत त्यांचे आहे. आजवर या जागी बसणारा मनुष्य बहुधा तंत्रज्ञ असतो व भाषेचा अभ्यासक त्या कामापासून दूर असतो. वस्तुतः अशा प्लगिनचा तंत्राचा भाग थोड्या ओळींचा असतो. कोणता भेद राखावा व कोणता पुसावा हा निर्णयच त्यातील अवघड भाग होय. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस तो निर्णय करण्याचे शिक्षण मिळालेले असते. महाड-पोलादपूरच्या गावांची नावे गावोगाव फिरून ऐकणे, त्यांची रूपे नोंदणे, भेदांचे तीन प्रकार लावणे आणि ती सारणी प्लगिनला वाचता येईल अशी सिद्ध करणे, हा एका प्रबंधिकेस पुरेल असा विषय आहे. त्याचा उपयोग पुढील पावसाळ्यात एखाद्या वाडीतील माणसास आपल्या गावाचे नाव पडद्यावर बरोबर दिसण्यात झाला, तर अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.